वाटणाशिवायचा लाल रस्सा

मी नंदुरबारचा. आमच्याकडे हिवाळा लागला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते. बायका ढिगाशेजारी बसून दिवसभर देठ खुडतात आणि वारा सुटला की रस्त्यानं जाणाऱ्याला ठसका लागतो. मिरची जपून हाताळायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. संशोधनाच्या कामासाठी हंगेरीतल्या सेगेद शहरात आलो, तेव्हा बाजारात लाल पुडीच्या राशी आणि दुकानांच्या दारावर मिरचीच्या माळा पाहून वाटलं, चला, निदान एक गोष्ट तरी ओळखीची निघाली. विक्रेत्या बाईंनी चिमूटभर पूड माझ्या तळहातावर ठेवली आणि खुणेनंच चाखायला सांगितलं. पूड गोड होती. उन्हात वाळलेल्या फळासारखा वास, मागून अगदी पुसट कडवटपणा, आणि तिखटाचा मागमूस नाही. रंग मात्र आमच्या मिरचीला मागे टाकेल असा. मिरचीतून तिखटपणा काढून घेतल्यावर लोक तिचं करतात तरी काय, हा प्रश्न मला त्या बाजारात पडला आणि पुढे बरेच दिवस पाठ सोडेना.

दुसरा गोंधळ खानावळीत झाला. जगभर ‘गूलाश’ म्हणून जो दाट मांसाचा रस्सा ओळखला जातो, तो त्याच्या मायदेशी खावा म्हणून मागवला, तर समोर आलं वाडगाभर पातळ सूप. त्यात बटाटा, गाजर आणि नखानं खुडल्यासारखे कणकेचे बारीक तुकडे. शेजारच्या टेबलावर मात्र मला हवा होता तसा दाट, गडद लाल रस्सा दिसत होता. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं मग मला नीट समजावलं. पातळ असतो तो गुयाश, गुराख्यांचं सूप. दाट असतो तो पोर्कोल्ट. कोंबडी किंवा वासराच्या कोवळ्या मांसात शेवटी आंबट साय घातली की तो झाला पाप्रिकाश. चौथा तोकान्य, त्यात मांसाच्या लांब पट्ट्या असतात आणि पाप्रिका अगदी थोडी, कधी नाहीच. पहिल्या तिघांची सुरुवात एकच, कांदा, चरबी आणि पाप्रिका. पुढे पाणी किती घालायचं यावर वाटा फुटतात. ऐकताना सगळं सोपं वाटलं, पण एवढ्या तीन गोष्टींतून तो दाटपणा येतो कुठून, हे मला उमगेना. आमच्या घरी रस्सा दाट होतो तो वाटणानं. सुकं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, खसखस. इथे वाटण नाही, आलं नाही, धणे नाहीत, गरम मसाला नाही.

कोडं सुटलं ते घरमालकांच्या तान्यावर. तान्या म्हणजे मैदानी मुलखातलं शेतावरचं सुटं घर. सेगेदच्या आसपास अशी घरं विखुरलेली आहेत. माझे घरमालक नवरा-बायको शहरात राहतात, पण शनिवार-रविवारी तान्यावर जातात. बाईंना मी इथल्या रिवाजाप्रमाणे नेनी म्हणतो, त्यांच्या यजमानांना बाची. म्हणजे काकू आणि काका. घरातला स्वयंपाक नेनींचा, पण अंगणात तिकाटण्याला कढई टांगली की चूल बाचींची. हे त्यांच्याच घरी आहे असं नाही. इथे उघड्यावर शिजवणं हे पुरुषाचं काम मानलं जातं. त्या टांगत्या कढईला बोग्राच म्हणतात. बुडाशी गोल, वर किंचित आवळलेली, आतून एनॅमल दिलेली.

मी गोमांस खात नाही, हे नेनींना ठाऊक होतं. पोर्कोल्टसाठी सगळ्यात मानाचं मांस बैलाच्या नडगीचं, पण त्यांनी काहीही न विचारता मटण आणून ठेवलं होतं. ३ किलो मटण आणि त्याच्याशेजारी दीड किलो कांदा. मांसाच्या निम्मा कांदा हे मोजमाप बाचींनी बोटं दाखवून मला पुन्हा पुन्हा सांगितलं. कांदा चिरायचं काम माझ्याकडे आलं. इतका बारीक चिरायचा की शेवटी तो दिसता कामा नये. मी चिरलेला पहिला ढीग पाहून नेनी म्हणाल्या, “अजून बारीक, पोरा,” आणि सुरी माझ्या हातातून न घेता शेजारी उभ्या राहिल्या.

बोग्राचमध्ये डुकराची चरबी वितळली, कांदा पडला, आणि मग बराच वेळ काहीच घडलं नाही. आच मंद. बाची लाकडी पळीनं अधूनमधून कांदा ढवळत होते. माझा हात शिवशिवत होता, कारण एवढ्या वेळात आमचा कांदा लालसर होऊन पुढच्या मसाल्याला लागलेला असतो. इथे कांद्याला रंग येऊ द्यायचा नव्हता. आधी तो काचेसारखा पारदर्शक झाला, मग खाली बसला, मग त्याच्या कडा विरघळू लागल्या. पाऊण तासानं कढईत कांदा असा उरलाच नव्हता, चरबीत मिसळलेला फिकट लगदा होता. दाटपणाचं मूळ मला तिथे दिसलं. पोर्कोल्टात पीठ घालत नाहीत. पिठाचं नाव काढलं तेव्हा बाचींच्या चेहऱ्यावर खरोखर दुःख उमटलं. रस्सा धरून ठेवतो तो हा विरघळलेला कांदा, आणि पुढे मांसातून सुटणारा चिकटपणा.

मग त्यांनी कढई आकड्यावरून उतरवली आणि सरळ गवतावर ठेवली. चरचर थांबेपर्यंत वाट पाहिली. तेव्हा कुठे पाप्रिका पडली, मोठे चमचे भरून. आमच्याकडे ३ किलो मटणाला इतकं तिखट घातलं असतं तर पाहुण्यांनी पानावरून उठून पाण्याचा हंडा गाठला असता. पळी भरभर फिरली, आणि क्षणात पांढरट लगदा असा लाल झाला की मला पाहतच राहावंसं वाटलं. लगेच मटण आत. ही घाई आणि कढई उतरवण्याची खबरदारी, दोन्हीमागे कारण एकच. पाप्रिकात नैसर्गिक साखर भरपूर असते. तापलेल्या चरबीत ती काही सेकंदांत जळते, रंग तपकिरी पडतो आणि सगळी कढई कडू होते. रंग मात्र चरबीतच खुलतो, कारण मिरचीला लाल करणारी कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सोरुबिन ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. म्हणजे पाप्रिकाला चरबी हवी, पण आग नको. पोर्कोल्टचं सगळं कसब या एका मिनिटात आहे असं मला वाटतं, आणि आजही ते मिनिट आलं की मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही.

पाणी घातलंच नाही. मीठ लागताच मटणानं आपलं पाणी सोडलं, रस्सा खदखदू लागला. त्यानंतर जे काम चाललं ते कानानं करायचं होतं. पाणी आटत आलं की खदखद थांबून चरचर सुरू होते, म्हणजे आता कढईत नुसती चरबी उरली. बाची म्हणाले, “ऐक,” आणि अर्धा पेला पाणी ओतलं. पुन्हा खदखद, पुन्हा आटणं, पुन्हा चरचर, पुन्हा अर्धा पेला. मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतायचं हे मी आईकडून ऐकत वाढलो, पण तेल पुन्हा पुन्हा सुटू द्यायचं आणि प्रत्येक वेळी थोडक्या पाण्यानं मागे खेचायचं, ही रीत मला नवी होती. प्रत्येक खेपेला रंग एक छटा गडद होत होता. मधेच ठेचलेलं शहाजिरं, दोन-चार लसणाच्या पाकळ्या, एक टोमॅटो, एक पिवळसर ढोबळी मिरची आणि शेवटी थोडी लाल वाइन. मसाला म्हणून इतकंच. अडीच-तीन तासांनी मटण पळीच्या टोकानं तुटत होतं आणि रस्सा ओठाला चिकटत होता.

हा चिकटपणा कोलॅजेनचा. जनावराच्या सतत चालणाऱ्या स्नायूंत, म्हणजे नडगी, खांदा, मान यांत, कोलॅजेन नावाचं कठीण तंतुमय प्रथिन जास्त असतं. ओलसर, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं. म्हणून इथे पोर्कोल्टला महागडं, मऊ मांस कुणी वापरत नाही. म्हातारा कोंबडा, नडगी, मान, आतड्या-वजडी, असं जे पटकन शिजत नाही त्याचाच पोर्कोल्ट चांगला होतो. गुराख्यांच्या वाट्याला येणारं मांस याच जातीचं असणार.

गुराख्यांबद्दल खरी समज आली ती होर्तोबाद्यला गेल्यावर. देशाच्या पूर्वेला आल्फोल्ड नावाचं विस्तीर्ण मैदान आहे, आणि त्यातलं होर्तोबाद्यचं गवताळ माळरान १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथल्या नऊ कमानींच्या दगडी पुलावर उभं राहिलं की चारी बाजूंना नजर कशालाच अडत नाही. त्या माळावर अजून राखाडी रंगाची, लांब शिंगांची हंगेरियन गुरं दिसतात. पंधराव्या ते सतराव्या शतकांत या गुरांचे तांडे पायी हाकत व्हिएन्ना, न्यूरेम्बर्ग, व्हेनिसच्या बाजारांपर्यंत नेले जात. हाकणारे महिनोन्‌महिने उघड्यावर. त्यांच्यातही प्रतिष्ठेच्या पायऱ्या होत्या. घोडे राखणारा चिकोश, गुरं राखणारा गुयाश, मेंढ्या राखणारा युहास, डुकरं राखणारा कनास. पुलाजवळच्या मेंढपाळ-गुराख्यांच्या संग्रहालयात त्यांचे फरचे झगे आणि काठ्या मांडलेल्या आहेत, पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो साध्या काळ्या बोग्राचपाशी. एक भांडं, एक आग, आणि सोबत वाहून नेता येईल एवढंच सामान, कांदा, खारवलेली चरबी, मीठ. चार पातेल्यांचा स्वयंपाक त्या माळावर शक्यच नव्हता. पोर्कोल्टातला साधेपणा मला त्या दिवसापासून अपुरा वाटेनासा झाला.

या कढईत पाप्रिका मात्र उशिरा आली. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली आणि तिथून आपल्या मुलखात पसरली. साधारण त्याच काळात ऑटोमन तुर्कांबरोबर ती हंगेरीत पोचली. १५२६ साली मोहाचच्या लढाईत हंगेरियन राजा मारला गेला, १५४१ साली बुदा तुर्कांच्या हाती पडलं, सेगेद १६८६ पर्यंत त्यांच्याकडेच होतं. तिला इथे सुरुवातीला तुर्की मिरी म्हणत. माझ्या नंदुरबारची मिरची आणि सेगेदची पाप्रिका या वनस्पतिशास्त्रात एकाच जातीच्या आहेत. दोन वाटांनी निघालेल्या या बहिणी चारशे-पाचशे वर्षांत इतक्या वेगळ्या स्वभावाच्या व्हाव्यात, याचं मला मनापासून नवल वाटतं. खरी काळी मिरी श्रीमंतांची होती. गरीब शेतकरी आणि गुराखी अंगणात उगवणारी पाप्रिका वापरत. नेपोलियनच्या युद्धांत युरोपची समुद्री नाकेबंदी झाली, मिरी आणखी महागली आणि पाप्रिका वरच्या घरांतही शिरली.

सेगेदमध्ये सलामीच्या कारखान्याच्या इमारतीत पाप्रिकाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मिरचीचा जाळ प्रामुख्यानं बियांत नसतो. आतल्या ज्या पांढरट शिरांना बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरांत तो असतो. इथल्या बायका पूर्वी एकेक वाळलेली मिरची चिरून त्या शिरा हातानं काढत. बोटांची किती आग होत असेल, ते देठ खुडणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना विचारावं. १८५९ साली सेगेदच्या पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया वेगळ्या करायचं यंत्र काढलं, तेव्हा गोड पाप्रिका मोठ्या प्रमाणावर दळता येऊ लागली. पुढे विसाव्या शतकात मुळातच तिखट नसलेली वाणं आली. बिया टाकून देत नाहीत, धुऊन पुन्हा दळणात मिसळतात, कारण बियांतलं तेल रंग धरून ठेवतं आणि पुडीला तकाकी देतं. तोडलेल्या मिरच्या लगेच वाळवतही नाहीत. माळा ओवून काही आठवडे ओसरीला टांगतात, त्या काळात फळ आतून पिकत राहतं आणि लाली वाढत जाते. दुकानांच्या दारावरच्या माळा मला शोभेच्या वाटल्या होत्या. त्या खरं तर कारखान्याचा अर्धा भाग आहेत. सेगेद आणि कलोचा, दोन्ही ठिकाणच्या पाप्रिकाला आता युरोपियन संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.

नेनी पाप्रिका दुकानातून घेत नाहीत. गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच आणतात, आणि त्याला कारण आहे. १९९४ साली देशात भेसळीचं मोठं प्रकरण झालं. रंग खुलवण्यासाठी पाप्रिकात शिशाचा लाल ऑक्साईड, म्हणजे शेंदूर, मिसळला गेला होता आणि लोकांना विषबाधा झाली. तीस वर्षं उलटली तरी त्यांच्या मनातून ते गेलेलं नाही. तिखटात रंग आणि विटेची भुकटी मिसळल्याच्या बातम्या ऐकत मोठं झालेल्या मला त्यांची काळजी समजावून घ्यायला भाषेची अडचण आली नाही.

गुराख्याचं जेवण देशाचं जेवण झालं, त्यामागे राजकारण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हंगेरी व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या अंमलाखाली होती. दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली जर्मन ही कारभाराची भाषा ठरवली. सरदार-जमीनदार चिडले. हंगेरियन पोशाख, हंगेरियन बोली आणि हंगेरियन जेवण अभिमानानं मिरवू लागले, आणि माळावरचा कढईतला पदार्थ हवेल्यांच्या टेबलावर चिनी मातीच्या भांड्यांत वाढला जाऊ लागला. जोसेफला १७९० साली मृत्यूच्या दारात आपल्या बहुतेक सुधारणा मागे घ्याव्या लागल्या. टेबलावर आलेला पदार्थ मात्र तिथून उठला नाही. पुढे यानोश कादारच्या काळातल्या काहीशा सैल साम्यवादालाही जगानं याच पदार्थाचं नाव दिलं. एवढं ओझं एका रस्स्यावर का टाकलं गेलं, ते मला आता थोडं कळतं. ज्यांचं राज्य वारंवार दुसऱ्याच्या हाती गेलं, त्यांना आपलं म्हणावं असं काहीतरी कढईत तरी हवं होतं.

आता पोषणाकडे वळतो, कारण पहिल्या काही पोर्कोल्टांनंतर मला धास्ती वाटायला लागली होती. वरचा लाल तवंग पाहून आई फोनवर म्हणाली, “अरे, हे रोज खातोस?” रोज खात नव्हतो, पण प्रश्न रास्त होता. म्हणून एका ताटाचा हिशोब मांडला. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. वाट्याला २०० ग्रॅम आलं तर ४० ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. एकाच ताटात दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा भागतो. शिवाय मांसातलं लोह शरीरात सहज शोषलं जातं, जस्त मिळतं, आणि शाकाहारी जेवणात ज्याची वानवा असते ते बी-१२ही मिळतं. सोबतच्या नोकेदलीचं, म्हणजे पीठ-अंड्याच्या सैल पिठापासून झाऱ्यातून उकळत्या पाण्यात पाडलेल्या गोळ्यांचं, वजन धरलं तर ताट ९०० कॅलरींच्या आसपास जातं.

चरबीचं गणित वेगळं. एका मोठ्या चमचाभर चरबीत जवळपास ११५ ते १२० कॅलरी असतात. तिच्यातली ४० टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त असतात. थोडी जास्तच ओलेइक आम्लाची, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतात त्या जातीची. तिला निव्वळ विष म्हणणं बरोबर नाही, पण तिच्याकडे काणाडोळा करणंही बरोबर नाही. नेनींच्या आईच्या घरी हिवाळ्यात डुक्कर कापलं की वर्षाची चरबी कढवून पत्र्याच्या डब्यात साठवत, आणि ती माणसं ती शेतात राबून जाळतही. दिवसभर गुरांमागे चालणाऱ्याला हे ताट पुरत असेल की नाही, शंकाच आहे. संगणकासमोर बसणाऱ्या मला ते जड होतं. हृदयविकारानं होणारे मृत्यू हंगेरीत युरोपियन संघाच्या सरासरीपेक्षा जास्त आहेत, ही गोष्ट इथले डॉक्टर उघडपणे बोलतात. बाचींना स्वतःला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्यामुळे घरातल्या घरात नेनी निम्मं सूर्यफूल तेल वापरतात, अंगणात मात्र बाची ऐकत नाहीत. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावं, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. २०० ग्रॅम कच्चं मांस शिजून साधारण १४० ग्रॅम उरतं. म्हणजे आठवड्यात दोन-तीन ताटं, त्यापुढे नाही.

पाप्रिकाच्या पोषणाबद्दल इथे सगळे अभिमानानं एकच नाव घेतात, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. सेगेदच्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते. क जीवनसत्त्व वेगळं काढायला त्यांना पुरेसा कच्चा माल मिळत नव्हता. एका संध्याकाळी बायकोनं ताटात पाप्रिका वाढली, खायची इच्छा नव्हती म्हणून ती प्रयोगशाळेत नेली, आणि मध्यरात्रीपर्यंत कळलं की हा तर क जीवनसत्त्वाचा खजिना आहे, असं ते स्वतः सांगत. काही आठवड्यांत त्यांनी किलोहून अधिक शुद्ध स्फटिक तयार केले. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला या गोष्टीचा फार आनंद होतो, कारण ज्या मिरचीकडे आपण नुसतं तिखट म्हणून पाहतो तिनं हे दिलं.

पण ही गोष्ट सांगून पोर्कोल्ट क जीवनसत्त्वानं भरलेला आहे असं कुणी म्हणालं, तर ते मला पटत नाही. सेंट-ग्यॉर्गींच्या ताटात ताजं फळ होतं. वाळवणं, दळणं आणि तीन तासांचं शिजणं, यातून क जीवनसत्त्व फारसं उरत नाही. टिकतात ती कॅरोटिनॉइड. लाल रंगाचं कॅप्सॅन्थिन शरीरात अ जीवनसत्त्वात बदलत नाही, पण सोबतचं बीटा-कॅरोटीन बदलतं, आणि चरबीमुळे ते शोषलंही जातं. तरी एका ताटात येणारी दोन-तीन ग्रॅम पूड दिवसाची गरज भागवत नाही.

मग क जीवनसत्त्व कुठून येतं? ताटाशेजारच्या वाटीतून. इथे पोर्कोल्ट आंबटाशिवाय वाढत नाहीत. उन्हाळ्यात काचेच्या बरणीत पावाच्या तुकड्यासह उन्हात आंबवलेली काकडी, हिवाळ्यात आंबवलेला कोबी. कोबी शिजवायचा नसतो, तसाच थंड खायचा. १०० ग्रॅम आंबवलेल्या कोबीत १५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. हिवाळाभर ताजी भाजी न मिळणाऱ्या मुलखात ही वाटी किती मोलाची होती, हे कोबीनं ताट पुसताना मला पहिल्यांदा जाणवलं. तिच्यातलं मीठ मोजावं लागतं एवढंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, आणि आंबवलेले पदार्थ ती मर्यादा चटकन गाठतात. बाचींनी रस्स्यात मीठ हात आखडता घेऊन घातलं होतं, ते कदाचित म्हणूनच.

अजूनही काही गोष्टींचा उलगडा होत नाही. शहाजिरं घालावं की नाही, यावर नेनी आणि बाचींचं लग्नाला चाळीसहून अधिक वर्षं होऊनही एकमत नाही. लसणावर त्यांचे शेजारी वाद घालतात. वाइनबद्दल तर गावागावाचं मत वेगळं. कर्त्सागकडे, जिथे तेराव्या शतकात गवताळ प्रदेशातून आलेल्या कुन लोकांचे वंशज राहतात, तिथे अख्खी मेंढी, जाळून साफ केलेलं डोकं आणि पायांसकट, एका कढईत जाते, आणि कढई पळीनं ढवळण्याऐवजी हलवून-फिरवून शिजवतात. ते मला अजून बघायचं आहे.

पुण्या-मुंबईत कुणाला करून पाहायचा असेल, तर पाप्रिका नसल्यास ब्याडगी मिरचीची पूड घ्यावी, रंगाला ती जवळची आहे. पण ती थोडी तिखट असते आणि तिच्यात पाप्रिकाचा गोडवा नसतो, म्हणून अर्धीच घालावी आणि कांदा थोडा वाढवावा. डुकराची चरबी नको असेल तर साधं सूर्यफूल तेल चालतं, तूप नको, त्याचा वास पाप्रिकावर चढतो. बोकडाची मान किंवा खांदा घ्यावा. प्रेशर कुकर टाळावा, कारण त्यात पाणी आटण्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि शक्य झालं तर आदल्या दिवशी करून ठेवावा. रात्रभरात रस्सा घट्ट बसतो, वर जमलेली लाल चरबी सकाळी चमच्यानं हवी तितकी काढून टाकता येते, आणि दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते, यावर मात्र नेनी आणि बाची दोघांचंही एकमत आहे.